खो-खो बघायला क्रूझर

कुस्तीचा फड लागला की दहा गावं पालथी घालणारे शौकीन तुम्ही पाहिले असतील. क्रिकेटच्या सामन्यासाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठणारेही तुमच्या ओळखीत असतील. पण खो-खो बघायला भाड्याची जीप करून जाणारी माणसं तुम्ही पाहिलीत का? आमच्या धाराशिवात तशी दहाबारा जण आहेत आणि त्यांतला मी एक. आमच्या मंडळाला नाव नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तकही नाही. एक निवृत्त मास्तर, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर, एक वकील, एक खताचे दुकानदार आणि बँकेत कारकुनी केलेला मी. बाकीचे येऊन जाऊन असतात. आमच्यापैकी कुणीही कधी जिल्ह्याच्या संघातून खेळलेलं नाही. मास्तरांची नात खो-खो खेळू लागली, तिला सोडायला-आणायला मास्तर मैदानावर जाऊ लागले, त्यांच्यासोबत फिरायला म्हणून आम्ही गेलो, आणि तिथंच रुतलो.

खो-खो बघणाऱ्याचं साहित्य म्हणजे एक घड्याळ. बाकी काही लागत नाही. वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर तुम्ही वाचलं असेल, 'अमुक हिने दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले'. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांना वाटतं, दोन मिनिटं म्हणजे काय मोठं? त्यांनी एकदा रेघेबाहेर उभं राहून बघावं. आठ जण एकाआड एक उलटसुलट तोंड करून बसलेले, कुणाच्याही पाठीवर थाप पडून 'खो' मिळेल आणि तो बाणासारखा सुटेल. पळणाऱ्याला कुठूनही वळता येतं, पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा घेतलेली दिशा सोडता येत नाही. ह्या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे. साखळी धरून, हुलकावणी देत, खांबापाशी कमरेत वाकून एखादी पोर अडीच मिनिटं टिकते, तेव्हा आमच्या कंडक्टरांचा श्वास अडकलेला असतो. त्यांच्या मनगटावर जुनं एच.एम.टी. आहे. पंचांच्या घड्याळात आणि त्यांच्या घड्याळात फरक पडला, तर त्यांच्या मते पंचांचं घड्याळ दुरुस्तीला टाकायला हवं.

आता धाराशिव आणि खो-खो यांचं नातं सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला आमचा जिल्हा आठवतो तो तुळजाभवानीमुळे, शेळीमुळे, आणि खरं बोलायचं तर दुष्काळामुळे. पण २०१६ साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, तिथं खो-खोत भारताच्या महिलांनी सुवर्णपदक मिळवलं आणि त्या संघाची कर्णधार होती सारिका काळे, आमच्या गावची. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला बावीस वर्षांनी तो मान आला होता. त्या वेळच्या मुलाखतीत तिनं सांगितलं होतं की जवळजवळ दहा वर्षं घरात दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. हे वाचून राज्यातले लोक हळहळले. आमच्याकडं मात्र फार कुणी चमकलं नाही. मैदानावर येणाऱ्या पोरींच्या घरी फारसं वेगळं नसतं हे आम्हाला दिसत होतंच. चमकलो ते दुसऱ्या गोष्टीनं. सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी झाली. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात, हे राज्यातल्या बऱ्याच सुशिक्षितांना माहीत नसेल, आमच्या मैदानाबाहेर बसलेल्या मोलमजुरी करणाऱ्या आयांना ते तोंडपाठ आहे.

तर सहलीकडं येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला 'अल्टिमेट खो-खो' नावाची लीग सुरू झाली. सहा संघ, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, रंगीत दिवे, मॅटचं मैदान. आम्ही रोज संध्याकाळी मास्तरांच्या घरी बसून सामने बघत होतो. खो-खो टीव्हीवर! वकील म्हणाले, हे म्हणजे आपल्या आळीतला पोरगा सिनेमात दिसावा तसं झालं. मग ठरलं की अंतिम सामना जाऊन बघायचा. तारीख होती ४ सप्टेंबर, रविवार.

आता मराठवाड्यातल्या श्रोत्यांनी कॅलेंडर आठवावं. त्या रविवारी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. वर्षाचा सण, घरात पुरणावरणाचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक, आणि घरातला कर्ता पुरुष म्हणतो की मी खो-खो बघायला चाललो. कुणाच्या घरी काय काय झालं ते मी आकाशवाणीवर सांगणार नाही. एवढंच सांगतो की बारा जणांनी नावं दिली होती, पहाटे साडेचारला क्रूझरपाशी सात जण हजर होते. उरलेल्या जागा भरल्या मास्तरांच्या नातीनं, तिच्या बरोबरीच्या एका खेळाडू पोरीनं आणि त्या पोरीच्या आईनं. ह्या बाईंच्याकडं महालक्ष्म्या थोरल्या जावेच्या घरी बसतात, त्यामुळे त्या मोकळ्या होत्या. आम्ही त्यांना वहिनीच म्हणतो. दुसऱ्याच्या रानात रोजंदारीनं जातात. पोरीला एकटीला अडीचशे किलोमीटर कशी पाठवू, म्हणून आल्या. त्यांनी जावेच्या घरून पहाटेच पुरणपोळ्या बांधून आणल्या होत्या. नैवेद्याच्या आधी कशा मिळाल्या हे कुणी विचारलं नाही.

येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी. कंडक्टर पुढं बसलेले. प्रत्येक फाट्याला गाडी हळू झाली की सवयीनं मागं वळून बघायचे, कुणी उतरणार आहे का म्हणून. टेंभुर्णीला मोठा रस्ता लागला आणि गाडीत वाद पेटला. वाद मातीचा आणि मॅटचा.

मास्तरांचं म्हणणं, खो-खो मातीचा खेळ आहे. मैदान करायचं म्हणजे माती चाळायची, खडे वेचायचे, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुना टाकायचा. हे सगळं खेळाडूच करतात, आणि करता करता मैदान त्यांचं होतं. मॅट गुंडाळून आणायची नि गुंडाळून न्यायची. खताच्या दुकानदारांचं म्हणणं उलट. मातीत सूर मारला की गुडघे-कोपरं सोलतात, पाऊस पडला की आठ दिवस सराव बंद, आणि टीव्हीवाला धुळीत कॅमेरा लावत नाही. कबड्डी मॅटवर गेली तेव्हाही म्हातारे असंच बोलले होते, आज कबड्डीपटूला गावात मान आहे की नाही? वकिलांनी दोन्ही बाजू मांडल्या, फी नसल्यामुळे. शेवटी मास्तरांनी मागच्या सीटवरच्या पोरींना विचारलं, तुम्हाला काय आवडेल? नात म्हणाली, मॅट. दुसरी म्हणाली, "मॅटला बूट वेगळे लागतात ना?" तिला बुटांची किंमत ठाऊक होती. वाद तिथं थांबला. भिगवणच्या अलीकडं चहा झाला, उजनीचं पाणी रस्त्यावरून दिसत होतं, आणि पुढं पाटसपर्यंत सगळे झोपले.

पुण्यात पोचलो तेव्हा सामन्याला बराच अवकाश होता. मास्तरांनी आधीच बजावलं होतं की बालेवाडीच्या आधी डेक्कन जिमखाना बघायचा. कारण असं, की खो-खो गावोगाव किती शतकं खेळला जात होता कुणास ठाऊक, पण त्याचे नियम पहिल्यांदा लिहून काढले ते १९१४ साली ह्या डेक्कन जिमखान्यानं. त्या आधी प्रत्येक गावाचा खो वेगळा. किती जण बसायचे, किती वेळ पळायचं, बाद कशाला म्हणायचं, हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवणार. नियम कागदावर आले म्हणून एका गावचा संघ दुसऱ्या गावाला जाऊन खेळू शकला. आम्ही कुंपणाबाहेर उभे राहिलो. आत कुणी खो-खो खेळत नव्हतं. मास्तर तरी हात जोडून उभे. गणपतीचे दिवस, रस्त्यावर ढोल वाजत होते, लोकांना वाटलं असेल की आत एखादा मानाचा गणपती आहे. वहिनींनी मला हळूच विचारलं, "सर, हितं काय हाय?" मी म्हटलं, इथं खो-खोचं पुस्तक लिहिलं. त्यांनीही मग हात जोडले.

बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं. आमच्यातल्या चौघांनी ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चालता चालताच पाय दुखावेत एवढा पसारा. आत बंदिस्त सभागृहात गेलो आणि आमची बोलती बंद झाली. अंगावर गार हवा, कानात गाणी, डोळ्यांत दिवे, आणि बसायला खुर्ची! खो-खो आम्ही जन्मभर उभ्यानं पाहिला होता. कंडक्टर पहिली दहा मिनिटं खुर्चीसमोर उभेच राहिले, मागच्यांनी ओरडल्यावर बसले.

खेळही वेगळा होता. मैदान आमच्यापेक्षा आखूड. पारंपरिक खो-खोत नऊ मिनिटांची पाळी, इथं सात. वजीर नावाचा एक खेळाडू, त्याला दोन्ही दिशांना पळायची मुभा. म्हणजे ज्या नियमावर सगळा खेळ उभा आहे असं मी मघाशी म्हणालो, तो नियम एका माणसापुरता उठवलेला. मास्तरांनी कपाळावर हात मारला. साध्या स्पर्शानं गडी टिपला तर दोन गुण, हवेत किंवा खांबावर सूर मारून टिपला तर तीन. मला स्वतःला वजीर पटला नाही, अजून पटत नाही. पण सुराचे तीन गुण मात्र पटले. आमच्या पोरी वर्षानुवर्षं मातीत तसा सूर मारतात, आणि त्यांना त्याबद्दल फक्त खरचटणं मिळायचं.

सामना ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज यांचा. तेलुगूचा कर्णधार प्रतीक वाईकर पुण्याचाच, त्यामुळे सभागृह अर्धंअधिक तेलुगूकडून. दोन्ही संघांत मराठी नावं एवढी की वकील म्हणाले, हा ओडिशा-आंध्र सामना आहे की सांगली-सोलापूर? शेवटच्या पाळीत सगळे उभे होते, आता कंडक्टरांना कुणी खाली बसा म्हणालं नाही. अगदी शेवटी ओडिशाच्या सूरज लांडेनं हवेत झेप घेऊन गडी टिपला, तीन गुण मिळाले, आणि ओडिशानं ४६-४५ असा एका गुणानं सामना जिंकला. एका गुणानं! मला आठवतंय, मी माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. तो तेलुगूच्या बाजूचा होता, तरी त्यानंही मारली.

पण ह्या सगळ्याच्या आधी, मध्यंतरात, एक गोष्ट झाली होती. ती मला सामन्यापेक्षा जास्त लक्षात राहिली. वहिनींची पोरगी, सोळा वर्षांची, पूर्वार्धभर पुढं वाकून हनुवटीवर हात ठेवून बसली होती. काही बोलली नव्हती. मध्यंतरात तिनं मला विचारलं, "काका, मुलींच्या मॅच उद्या हायत का?"

मी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी दिव्यांकडं पाहिलं. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून आम्ही तीन आठवडे ही लीग पाहत होतो. सहा संघांचे खेळाडू, त्यांचे वेळ, त्यांचे गुण आम्हाला पाठ झाले होते. सहाही संघ पुरुषांचे होते, ह्याचं आमच्यापैकी एकालाही काही वाटलं नव्हतं. आणि आम्ही कुठले? ज्या गावानं देशाच्या महिला संघाला कर्णधार दिली त्या गावचे. मी तिला म्हटलं, नाहीत. ती बरं म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

परतीच्या वाटेवर हडपसर ओलांडल्यावर मास्तरांनी विषय काढला. ते इतिहासाचे मास्तर, त्यांना सनावळी लागते. म्हणाले, पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्याला झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी महिलांची आपल्या कोल्हापुरात. म्हणजे साठ वर्षांपूर्वी, जेव्हा पोरींनी परकर-पोलक्यात पळायचं की कसं ह्यावर वाद व्हायचे, तेव्हा संघटकांना एका वर्षात जे सुचलं, ते आता पैसा-टीव्ही-दिवे सगळं असताना सुचू नये? राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूला राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं पुरस्कार देतात. नाव द्यायला लक्ष्मीबाई आणि लीगमध्ये मात्र घोडा फक्त पुरुषांना. दुकानदार म्हणाले, मास्तर, नवा धंदा आहे, पहिल्या वर्षी नफा बघतात, पुढं पोरींचीही काढतील. वकील म्हणाले, काढतीलच.

तेव्हा अंधारात मागून वहिनी बोलल्या. दिवसभरात त्यांचं हे पहिलंच लांब वाक्य. "काढतील की. पोरांची निघाली, पोरींची बी निघंल. पर निघस्तवर हिची बारावी हुईल. बारावीपस्तोर मी घरात सांगून ठेवलंय. फुडचं कोण ऐकतंय माझं?"

दुकानदारांकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नव्हतं. खेळाडूचं वय आणि लग्नाचं वय एकच असतं हे आम्हा पुरुषांच्या हिशेबात कधी येत नाही, कारण पोराला कुणी म्हणत नाही की अमुक वर्षापर्यंतच खेळ. लीगचं एक वर्ष पुढं गेलं तर आमच्यासाठी ते फक्त एक वर्ष असतं. त्या पोरीला तिच्या आईनं घरात भांडून दोन वर्षं मिळवून दिली होती, त्यांतलं ते एक. इंदापूरला जेवायला थांबलो. पुरणपोळ्या निघाल्या. सगळ्यांनी गपगुमान खाल्ल्या. घरी पोचलो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आणि पुढच्या गोष्टी पुन्हा आकाशवाणीवर सांगण्यासारख्या नाहीत.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुरुष आणि महिलांची पंचावन्नावी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आमच्याच गावात झाली, तुळजाभवानी क्रीडासंकुलात. तेव्हा पाट्यांवर अजून उस्मानाबाद होतं. जिल्ह्याचं धाराशिव हे नाव सरकारी कागदावर २०२३ मध्ये आलं. देशभरातले संघ आले. एरवी आम्ही शेकडो किलोमीटर जाऊन जे बघतो ते चालत जाण्याच्या अंतरावर आलं होतं. लाल डब्याच्या स्टँडवर केरळच्या आणि पंजाबच्या पोरी पोहे खाताना दिसत होत्या. इथं महिलांचे सामने पुरुषांच्या बरोबरीनं, त्याच मैदानावर, त्याच गर्दीसमोर. वहिनी पाचही दिवस आल्या. रोजगार बुडवून आल्या, हे मुद्दाम सांगतो. एका संध्याकाळी पोरीचे वडीलही आले, मागं कोपऱ्यात उभे राहिले. त्यांनी कधी पोरीचा खेळ पाहिला नव्हता. त्या दिवशीही तिचा नव्हता, मोठ्या बायकांचा होता. पण माझ्याजवळ येऊन त्यांनी विचारलं की ह्या सगळ्यांना नोकऱ्या आहेत का? मी म्हटलं, विमानतळ प्राधिकरणाचा संघ बघा, पोरी पगारी आहेत. ते बराच वेळ बघत राहिले.

लीगचा दुसरा हंगाम डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटकला झाला. तोही फक्त पुरुषांचा. आम्ही टीव्हीवर पाहिला, नाही म्हणत नाही, खेळ चांगलाच होता. पण मास्तरांच्या घरी आता सामना सुरू होताना कुणीतरी एक जण म्हणतोच, "मुलींच्या मॅच उद्या हायत का?" आमच्यात ती म्हण झाली आहे. कशाचीही वाट बघायची वेळ आली की म्हणतात.

आणि मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचे वीस संघ, महिलांचे एकोणीस. इथं मात्र कुणी विसरलं नव्हतं. १९ जानेवारीला, रविवारीच, इंदिरा गांधी स्टेडियममध्ये दोन्ही अंतिम सामने झाले. पुरुषांनी नेपाळला ५४-३६ असं हरवलं, बालेवाडीत पाहिलेला प्रतीक वाईकर आता भारताचा कर्णधार होता. महिलांनी नेपाळलाच ७८-४० असं हरवलं. त्यांची कर्णधार प्रियांका इंगळे, मूळची आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातली. आणि त्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे.

दिल्लीला आमच्यातलं कुणी गेलं नाही. गुडघे आता जीपमध्ये तेवढे मावत नाहीत. मास्तरांच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं बसली होती, त्यांत निम्म्या बायका, हे पहिल्यांदाच. वहिनींची पोरगी नव्हती. ती बारावी झाली, लग्न झालेलं नाही, पोलीस भरतीची तयारी करते आणि सकाळचा खो-खोचा सरावही सोडलेला नाही. रविवारी तिचा धावण्याचा सराव होता म्हणून आली नाही. वहिनी आल्या होत्या. कंडक्टरांनी एच.एम.टी. काढून मांडीवर ठेवलं होतं. अश्विनी मैदानात उतरली तेव्हा हॉलमध्ये एवढा गलका झाला की पुढचं समालोचन कुणाला ऐकू आलं नाही.

सामना संपल्यावर मास्तरांच्या सुनेनं सगळ्यांना पेढे दिले. वहिनी पेढा हातात धरून टीव्हीकडं बघत होत्या, तिथं पदकं देत होते. मग त्यांनी विचारलं, "कंडक्टर, दिल्लीला क्रूझर किती घेत असंल?"

कंडक्टरांनी चष्मा लावला आणि कागद मागितला.